एक उदबत्तीभर घोडा

तुमची मागणी शंभर टक्के न्याय्य होती, समोरच्याने ती न भांडता मान्य केली, आणि नेमकं त्याच दिवसापासून सगळं बुडत गेलं, असं तुमच्या बाबतीत कधी झालंय का?

माझ्या बाबतीत झालंय. मागण्या सात होत्या. त्या सातही मी आज पुन्हा लिहायला बसले तर जशाच्या तशा लिहीन, काना-मात्रा न बदलता. हेच मला सहन होत नाही. चूक सापडली असती तर माफी मागून मोकळी झाले असते.

आम्ही त्यांना चाचा म्हणायचो. कडावला बंद पडलेल्या भाताच्या गिरणीच्या ओट्यावर ते करवती, विळे आणि कोयत्यांना धार लावायचे. धार लावणारा माणूस बसून काम करतो. चाचा बसायचे नाहीत. करवत लाकडी पकडीत अडकवायची, पाय खांद्यांच्या दुप्पट फाकवायचे, गुडघे वाकवून मांड्या जमिनीशी समांतर आणायच्या, पाठ ताठ ठेवायची, आणि त्या न दिसणाऱ्या घोड्यावर स्वार होऊन तिकोनी कानशीने एकेक दात घासायचा. ते चहा तसाच प्यायचे. घरून आणलेली भाकरी तशीच खायचे. गिऱ्हाईक म्हणायचं, "चाचा, टेका की जरा." ते म्हणायचे, "टेकलोच हाय."

तरुणपणी ते माझगावच्या गोदीत कामाला होते. तिथे एक म्हातारा चिनी सुतार होता. त्याच्याकडून चाचा करवतीला धार लावायला शिकले आणि त्याच्याचकडून कुंग फू शिकले. दोन्ही एकदम, कारण म्हाताऱ्याच्या मते ते एकच काम होतं. म्हाताऱ्याने पहिलं वर्षभर त्यांना फक्त उभं केलं. घोड्यावर बसायचं, समोर उदबत्ती पेटवायची, ती पूर्ण जळेपर्यंत उठायचं नाही. ज्या दिवशी उदबत्तीच्या आधी माणूस हलणार नाही, त्या दिवसापासून पुढचं शिक्षण. पुढचं म्हणजे सहा पाठ. पाठ म्हणजे हातापायांच्या चालींची एक लांब साखळी. सुरुवातीपासून शेवटापर्यंत न थांबता करायची, आपण कविता तोंडपाठ म्हणतो तशी. म्हाताऱ्याने कागदावर काही ठेवलं नव्हतं. त्याच्या गावाहून ते सहा पाठ त्याच्या अंगात आले, त्याच्या अंगातून चाचांच्या अंगात.

गोदीतलं काम सुटल्यावर चाचा साजगावच्या एका कारखान्यात फिटर झाले. माझे वडील, आप्पा, त्याच कारखान्यात होते. आप्पा युनियनचे. आमच्या घरात अभ्यासाच्या वह्यांपेक्षा पत्रकांचे गठ्ठे जास्त. मी घड्या घालायला शिकले ती पत्रकांवर. आप्पा सांगायचे की गेटवर वाटलेली पत्रकं कामगार खिशात कोंबायचे किंवा टाकून द्यायचे. चाचा एकटे असे की पहिल्या शब्दापासून ते खाली बारीक अक्षरातल्या छापखान्याच्या नावापर्यंत सगळं वाचायचे आणि दुसऱ्या दिवशी घडी घालून परत आणून द्यायचे. चुकलेल्या शब्दांखाली पेन्सिलीची रेघ. आप्पांना राग यायचा. चाचा म्हणायचे, "लोकांच्या हातात देतोस ना? मंग धार लावून दे."

त्या कारखान्यात कँटीनच्या शेडमागे ते पाळी सुटल्यावर शिकवायचे. तिघे जण दुसऱ्या-तिसऱ्या पाठापर्यंत पोचले होते. मग कारखाना बंद झाला, माणसं पांगली. मी एकदा त्या तिघांची नावं विचारली. चाचा म्हणाले, "नावं कशाला? पाय वळखीन मी त्यांचे."

त्यानंतर ते कडावला आले, गिरणीच्या मालकाने ओटा आणि मागचं खळं वापरायला दिलं, आणि सकाळी सहाला वर्ग सुरू झाला. फी नाही. खळं झाडायचं, एवढंच. आम्ही बारा-चौदा पोरंपोरी होतो. मी नववीत. गावाला ही गंमत. वाटेने जाणारे ओरडायचे, "चाचा, चायनीज शिकवताव तं मंचुरियन कवा देनार?" चाचा तितक्याच मोठ्याने उत्तर द्यायचे, "एक उदबत्ती हुबा ऱ्हा, ताटभर देतो!" कोणी राहायचं नाही.

एकदा माझी आई भाताची आवणी करून परतताना खळ्याशी थांबली. आम्ही घोड्यावर बसून कण्हत होतो. ती हसून म्हणाली, "एवढ्यात रडताव? आमी दिसभर चिखलात वाकतो, आमाला कोनी पट्टा दिला नाय." चाचांनी डोकं हलवलं आणि नवी उदबत्ती पेटवली. आई लुगडं खोचून उभी राहिली. शेजारणीशी गप्पा मारत उभी राहिली. अर्धी उदबत्ती झाली तरी तिचा आवाजसुद्धा कापला नव्हता. मग म्हणाली, "भात करपंल गं माजा," आणि निघून गेली. चाचा तिच्या पाठमोऱ्या पायांकडे बघत राहिले. "ही म्हयन्याभरात पास व्हईल," ते म्हणाले. "पन हिला तो म्हयना देनार कोन?"

उदबत्त्यांच्या बाबतीत त्यांचा कारभार विचित्र होता. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवायच्या. तळाशी मूठभर भाजलेले तांदूळ. डब्याला रोज ऊन दाखवायचं आणि तो घरी न्यायचा. का, तर पावसात उदबत्ती दमट होते, दमट उदबत्ती सावकाश जळते, म्हणजे आषाढात उभं राहणाऱ्याला वैशाखातल्यापेक्षा जास्त वेळ काढावा लागतो. "ह्यो अन्याव हाय," ते गंभीरपणे म्हणायचे. आम्ही हसायचो. आमच्या मते अन्याय वेगळाच होता.

अन्याय असा होता की चार वर्षं झाली तरी आम्ही पहिल्याच पाठावर. अर्धी उदबत्ती टिकलं की पहिला पाठ मिळायचा. पूर्ण उदबत्ती टिकल्याशिवाय दुसरा मिळायचा नाही. आणि पूर्ण कोणीच टिकलं नव्हतं. "चाचा, आता तरी दुसरा?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं. "अजून नाय." कधी? "पाय सांगंल." या उत्तरावर कोणत्या वयाचं पोर समाधानी राहील? तिकडे कर्जतला एक क्लास निघाला होता. तिथे तीन महिन्यांत पिवळा पट्टा, मग हिरवा, मग तपकिरी, आणि प्रत्येक पट्ट्याबरोबर सोनेरी काठाचं प्रमाणपत्र. आमच्याबरोबरची पोरं तिकडे जाऊन फोटो टाकत होती. आम्ही खळं झाडत होतो.

माझ्या वर्गातला किशोर आमच्यात सगळ्यांत चपळ. त्याला पोलीस भरतीत उतरायचं होतं आणि खेळाचा काही कागद जवळ असावा असं त्याला वाटे. त्याने चाचांकडे दाखला मागितला. चाचांनी वहीचं पान फाडलं, सावकाश अक्षरात लिहिलं: "हा मुलगा चार वर्षे उभा राहत आहे." खाली सही आणि सहीखाली "करवतवाला".

किशोर तो कागद घेऊन माझ्याकडे आला. "बघ गं हे. उभा राहत आहे! मी काय पंचायतीला उभा हाय?"

मी हसले नाही. मी तेव्हा कर्जतला कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते आणि माझं रक्त पेटायला एवढंसं कारण पुरायचं. अट आहे पण ती लिहिलेली नाही. ती पुरी झाली की नाही हे ठरवणारा एकच माणूस. दाद कुठे मागायची तर त्याच्याकडेच. मी म्हटलं, हा कारखानाच झाला. कामगाराच्या पोरीने हे मुकाट बघायचं?

त्या रात्री नव्हे, दुसऱ्या दिवशी दुपारी, कॉलेजच्या कट्ट्यावर मी पत्रक लिहिलं. सात मागण्या. अटी भिंतीवर लेखी लावाव्यात. कोणालाही कारण न सांगता वर्षाहून जास्त एका पाठावर अडकवू नये. दाखल्यावर शिक्षकाने शिक्षक म्हणून सही करावी. चौथी मागणी मी जाड अक्षरात घेतली: जी अट विद्यार्थ्याला, तीच शिक्षकाला, आणि ती सर्वांसमक्ष. पाचवी किशोरने सुचवली. त्याची खात्री होती की चाचांच्या डब्यातल्या उदबत्त्या मुद्दाम जास्त वेळ जळणाऱ्या आहेत. म्हणून: परीक्षेची उदबत्ती विद्यार्थी आणतील. आणखी दोन होत्या, झाडण्याच्या पाळ्यांबद्दल.

आप्पांनी मसुदा वाचला. "मुद्देसूद हाय," ते म्हणाले. त्यांच्याकडून याहून मोठं कौतुक मला कधी मिळालं नव्हतं.

चाचांनी पत्रक घोड्यावर बसूनच वाचलं. आम्ही समोर उभे. कानस खाली ठेवली होती. पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत वाचलं, मग कागद उलटा करून मागची कोरी बाजूही बघितली.

"खाली नाव नाय," ते म्हणाले.

"आम्ही सगळ्यांनी मिळून काढलंय," मी म्हटलं.

"लिवलं कोनी? हात एकाचाच दिसतो."

"मी."

"मंग नाव टाक गं. बिननावाचं पत्रक आनि बिनमुठीची करवत सारखीच. धरायची कुठं?"

मी तिथेच उभ्या उभ्या सगळ्या प्रतींवर माझं नाव लिहिलं. माझे कान लाल झाले होते. ते थांबून राहिले, शेवटच्या प्रतीपर्यंत. मग म्हणाले, "सगळं मान्य हाय. चौथं तं लय चांगलं हाय. म्हातारा असता तं खूश झाला असता. कवा घ्यायची माजी परीक्षा?"

आम्ही भांडणाच्या तयारीने गेलो होतो. घोषणासुद्धा ठरल्या होत्या. त्या तशाच राहिल्या.

गौरी-गणपती आटोपल्यावरचा रविवार ठरला. त्याआधी चाचांनी गिरणीच्या भिंतीवर कोळशाने अटी लिहिल्या. पहिल्याच ओळीत: एक उदबत्तीभर घोडा. त्याखाली: जो यात नापास, तो रांगेत शेवटी. ज्याने हे केले, तो पुढे, शिकवील आणि परीक्षा घेईल. ही रीत म्हाताऱ्याची होती, त्यांनी एक अक्षर पदरचं घातलं नव्हतं.

त्या सकाळी गावातली पंचवीस-तीस माणसं जमली. चाचांनी कमरेला लाल कापड बांधलं. म्हातारा त्याच कापडात करवत गुंडाळायचा. चाचांचं वय तेव्हा साठीच्या पुढे होतं आणि उजवा गुडघा थंडीत सुजायचा, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. उदबत्ती मी आणली होती. आमच्या देवघरातल्या फोडलेल्या पुड्यातली. गणपतीत उघडलेला पुडा आठवडाभर भिंतीला टेकून पडला होता.

चाचांनी ती हातात घेतली. दोन बोटांत धरून किंचित वाकवली. नाकाशी नेली. माझ्याकडे बघितलं. मग परत दिली.

"पेटव."

तिसऱ्या काडीला ती पेटली.

मी अनेकांना घोड्यावर बसलेलं पाहिलं आहे. काही वेळाने मांड्या थरथरतात, मग पाठ पुढे झुकते, मग चेहरा. चाचांचं काहीच हलत नव्हतं. एक तृतीयांश जळली, अर्धी जळली. पाऊण जळली तेव्हा त्यांच्या कपाळावरून घाम टपटप मातीत पडत होता आणि उजव्या गुडघ्याची वाटी कातडीखाली उडताना दिसत होती. मी उदबत्तीकडे बघत होते. मला आतून वाटत होतं, जळ लवकर. ती जळत नव्हती. राख लांब होत होती आणि ठिणगी एका जागी रेंगाळत होती. बोटाच्या एका पेराएवढी उरली आणि त्यांचा गुडघा गेला. ते बाजूला पडले नाहीत. पाठ ताठ ठेवून सरळ खाली आले, जमिनीला टेकले. चाचांना बसलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

किशोर म्हणाला, "चाचा, एवढं तं चालतं! उठा."

चाचा उठले. कमरेचं लाल कापड सोडलं, त्याची नीट घडी घातली आणि भिंतीवरच्या अटींशेजारच्या खिळ्याला टांगलं. मग लंगडत आमच्या रांगेच्या टोकाला गेले. सगळ्यांत नवी आलेली, सातवीतली दोन पोरं होती, त्यांच्याही मागे. आणि पाय फाकवून उभे राहिले.

"चाचा, पुढं या," मी म्हटलं.

"नापास झालो ना गं. लिवलंय थितं."

"मग पुढं कोण?"

"ज्याचा घोडा पुरा झालाय तो." त्यांनी रांगेवर नजर फिरवली. "कोन हाय?"

कोणीच नव्हतं.

आम्हाला वाटलं दोन दिवसांत राग उतरेल. तो राग नव्हताच. सोमवारी ते वेळेवर आले, आपल्या वाट्याचं खळं झाडलं, शेवटी उभे राहिले. मंगळवारी तेच. आम्ही एकमेकांकडे बघत पहिला पाठ करायचो, कोणाचं चुकलं तर सांगणारं कोणी नाही. रांगेच्या पुढे मोकळी जागा आणि भिंतीवर लाल कापड. कोणी काही विचारलं तर चाचा म्हणायचे, "मला काय इचारता रं, मी पन शिकायलाच आलोय." आणि हे ते टोमणा म्हणून बोलत नव्हते. टोमणा असता तर मी भांडले असते.

दिवाळीपर्यंत निम्मी पोरं पट्ट्यांच्या क्लासला गेली. किशोर सगळ्यात आधी. त्याला मी दोष देत नाही. माझा राग पट्टे विकणाऱ्यांवर आहे. ज्या गोष्टीला वर्षं लागतात ती तीन महिन्यांत मिळेल असं पोरांना सांगणाऱ्याला मी खोटारडा म्हणते आणि म्हणत राहीन. पण ती पोरं आमच्या खळ्यावरून तिकडे ढकलली कोणी, हे मला कोणी सांगायला नको.

आप्पांना सगळं सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मागणी मान्य झाल्यावर उद्याची पाळी कोन लावनार, ह्ये पन बघायला लागतं. आमच्या कारखान्यात आमी बी नाय बघितलं."

रस्ता एकच होता. कोणीतरी पूर्ण उदबत्ती टिकायचं. तो पुढे उभा राहणार, चाचांची परीक्षा घेणार, चाचा पास झाले की ते पुन्हा पुढे येणार, आणि मग दुसरा पाठ उघडणार, तिसरा, सहावा. नाहीतर पाच पाठ त्यांच्या अंगात तसेच बंद राहणार. मी ठरवलं की ते मी करायचं. पत्रकावर नाव माझं होतं.

मला दोन वर्षं लागली, वर काही महिने. शेवटी खळ्यावर आम्ही दोघंच उरलो होतो. रांग दोघांची. मी पुढे नाही, कारण मी पास नव्हते, आणि ते माझ्या मागे. विद्यार्थ्याने विद्यार्थ्याला शिकवायचं नाही, म्हणून ते माझी चूक सांगायचे नाहीत. माझी डावी टाच कित्येक महिने बाहेर वळत होती आणि मला कळत नव्हतं की पाय त्याच बाजूने का भरून येतो. एके दिवशी चाचा मागे न थांबता माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. बोलले काही नाहीत. आपली डावी टाच उचलली आणि सरळ ठेवली. पुन्हा उचलली, पुन्हा सरळ ठेवली. तीन वेळा. मग मागे गेले.

मार्गशीर्षातल्या एका सकाळी त्यांच्या डब्यातली कोरडी उदबत्ती माझ्या आधी विझली. मी उभीच होते. मला उठता येत नव्हतं म्हणून उभी होते, पण उभी होते. चाचा मागून पुढे आले. खिळ्यावरचं लाल कापड काढून, झटकून त्यांनी माझ्या हातात दिलं आणि माझ्यापुढे वाकले. माझ्या वडिलांहून मोठा माणूस.

"बाई, आता तुमी माजी परीक्षा घ्या."

"चाचा, मला तुमी नका म्हणू. तुम्ही पास आहात. शिकवा मला."

"परीक्षा न घेता पास?" त्यांना खरंच धक्का बसला. "ती कर्जतची रीत झाली."

मग दर रविवारी परीक्षा. त्यांचा गुडघा आता पूर्वीचा राहिला नव्हता. पहिल्या रविवारी अर्ध्याच्या थोडं पुढे गेले. पुढच्या रविवारी अर्ध्यावर. त्याच्या पुढच्या रविवारी अर्ध्याच्या आत. मी लाल कापड बांधून समोर उभी राहायची आणि जिच्यासाठी हे सगळं केलं ती गोष्ट दर आठवड्याला बोटभर लांब जाताना बघायची. आणि ते पडल्यावर मला म्हणायला लागायचं, "नापास." न म्हणता राहिले तर ते वाट बघत बसायचे.

पाचव्या रविवारी मी डब्यातून उदबत्ती काढताना खालून मोडली. निम्म्याहून जास्त.

त्यांनी लांबूनच बघितलं. "मोडलीस."

"हो."

"का गं?"

"तुम्ही पास व्हावं म्हणून."

ते हसले. चिडले असते तर बरं झालं असतं. "आमाला एक नियम, तुमाला दुसरा, ह्येच नको व्हतं ना तुला? जाड अक्षरात लिवलं व्हतंस."

मग कित्येक महिने पोटात ठेवलेलं मी बोलून टाकलं. मागच्या पावसाळ्यात मी आमच्या देवघरातली एक उदबत्ती आणि त्यांच्या डब्यातली एक, एकाच पुड्याच्या दोन, शेजारी शेजारी पेटवून बघितल्या होत्या. डब्यातली संपली तेव्हा आमची बोटभर शिल्लक होती.

"चाचा, त्या दिवशी मी आणलेली ओली होती. डब्यातली असती तर तुम्ही पास होतात."

"ठाऊक हाय."

"तेव्हाच ठाऊक होतं?"

"वाकवली तवाच. सुकी असती तं कडकन बोलली असती."

"मग का नाय सांगितलं? एक शब्द बोलायचा होता, चाचा!"

त्यांनी खांदे उडवले. "पत्रकात लिवलं व्हतं उदबत्ती इद्यार्थी आनतील. ओली का सुकी, ते नव्हतं लिवलं." मग, माझ्याकडे न बघता, "आनि मी बोललो असतो तं तुला काय वाटलं असतं? मालक कारनं सांगतो. व्हय का नाय?"

होय. तसंच वाटलं असतं.

त्या दिवशीही ते डब्यातल्या अख्ख्या उदबत्तीसमोर उभे राहिले आणि पडले. मी म्हटलं, "नापास." त्यांनी मान हलवली, समाधानाने.

महिन्याभरातच त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. बहीण खालापूरला राहायची, ती त्यांना घेऊन गेली. वाचा गेली होती. मी एसटीने जायची, खाटेशेजारी बसायची. बाजी म्हणायच्या, त्यांची बहीण, "तू आलीस की हा डोळे उघडतो, नाहीतर कुनाला वळखत पन नाय." एका दुपारी त्यांचा डावा हात गोधडीवर हलायला लागला. छातीपासून पुढे गेला, मनगट उचललं, किंचित बाहेर वळून परत आला. पुन्हा तसाच. तीन चाली, एकामागोमाग एक, नेहमी त्याच क्रमाने. पहिल्या पाठात त्या नाहीत. मी वाकून विचारलं, "चाचा, हा दुसरा आहे का?" त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि डोळे मिटले. हात चालूच राहिला.

मी घरी येऊन आरशासमोर त्या तीन चाली केल्या, शंभरदा, हजारदा. मग एक दिवस गिरणीच्या ओट्यावर त्यांची जुनी कानस हातात घेतली आणि करवतीच्या दातावर ठेवली. पुढे ढकलायची, उचलायची, बाहेर वळवून परत आणायची. तो तोच हात होता. म्हणजे ते मला दुसरा पाठ देत होते, की आयुष्यभर केलेलं काम हात आपोआप करत होता? म्हातारा चिनी सुतार म्हणायचा की दोन्ही एकच आहे. मला ते समजण्याइतकं शिकवलं गेलं नाही.

चाचा गेले त्या दिवशी किशोर खालापूरला आला होता. तो आता पोलिसात आहे. पुरुष जनाजा घेऊन गेले, तो मागे थोडा रेंगाळला. म्हणाला, "तू सोताला खात नको बसू. पत्रक बरोबरच व्हतं. अजून पन बरोबर हाय." मला त्याला काहीतरी फेकून मारावंसं वाटलं, कारण ते खरं होतं.

एक माणूस चाळीसेक वर्षं पाच पाठ अंगात घेऊन कडावच्या चिखलातून चालत होता. ते शिकायची अट फक्त एवढी होती की एक उदबत्ती जळेपर्यंत उभं राहायचं. आम्ही बारा-चौदा जण होतो आणि आम्ही त्याऐवजी अटीवर हरकत घेतली. मी साजगावला फिरले, खोपोलीच्या चहाच्या टपऱ्यांवर विचारलं, आप्पांना घेऊन जुन्या कामगारांच्या घरी गेले. कँटीनमागे शिकणाऱ्या त्या तिघांचे चेहरे आप्पांना अंधुक आठवतात, नावं नाहीत. कोणी म्हणतं दोघे ठेकेदाराची माणसं होती, काम संपल्यावर गेली. खळ्याभोवती आता सिमेंटचे खांब रोवलेत. गिरणी विकली गेलीय, तिथे कोणाचं तरी फार्महाऊस होणार. कुंपणाची तार अजून लागलेली नाही.

म्हणून ही विनंती, आणि ती कोणाची हे या वेळी आधीच सांगते: ते पत्रक जिने लिहिलं, तिची. तुम्ही साजगावच्या त्या कारखान्यात होतात का? तुमचे वडील, काका, शेजारी होते का? पाळी सुटल्यावर शेडमागे पाय फाकवून उभा राहणारा फिटर तुम्हाला आठवतो का? त्याच्या हाताची पहिल्या पाठापलीकडची एखादी चाल अंगात राहिली असेल, एकच, अर्धवट, चुकीचीसुद्धा, तर तार लागायच्या आत कोणत्याही रविवारी सकाळी सहाला कडावच्या गिरणीमागे या आणि ती मला करून दाखवा. ओळखपत्र नको, दाखला नको. मी दर रविवारी तिथे असते. रांगेच्या शेवटी उभी असते, पुढची जागा मोकळी ठेवून.

येताना उदबत्ती आणू नका. माझ्याकडे आहे. कोरडी आहे.